रूट डिव्हाइसवर एफएसट्रिम सेवा अपयशी ठरते तेव्हा: तपासाची आणि दुरुस्तीची पायरीवार पद्धत

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात आठवड्यातून एकदा एफएसट्रिम नावाची सेवा आपणहून सुरू होते, फाइलसिस्टिममधले कोणते ब्लॉक आता कोणत्याही फाइलचे राहिलेले नाहीत ते एसएसडीला कळवते आणि काम संपवून बंद होते. हे कळवणे आवश्यक असते, कारण फाइल पुसल्यावर फाइलसिस्टिम आपल्या नोंदीत ती जागा मोकळी झाल्याचे लिहिते, पण एसएसडीच्या कंट्रोलरला ते कळत नाही. तो त्या टाकाऊ मजकुराची जपणूक करत राहतो, अंतर्गत साफसफाईच्या वेळी तोच मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवतो आणि त्यापायी लिहिण्याचा वेगही घटतो व डिस्कची झीजही वाढते. या सेवेचा टायमर 'वीकली' असा लावलेला असतो. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या हिशेबात याचा अर्थ सोमवारी मध्यरात्री १२ वाजता असा होतो, आणि त्यात सुमारे १०० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब मिसळलेला असतो. त्या वेळी संगणक बंद असेल तर पुढच्या वेळी तो सुरू केल्यावर राहिलेले काम उरकले जाते. उबुंटूवर ही व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे आणि फेडोरात २०२० मध्ये आलेल्या ३२व्या आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते.

हीच सेवा रूट डिव्हाइसवर, म्हणजे ज्या विभाजनावर संपूर्ण प्रणाली उभी आहे त्यावर, अपयशी ठरली की अपयशी सेवांच्या यादीत तिची लाल ओळ दिसू लागते. अनेक जण अशा वेळी टायमर बंद करून टाकतात, कारण संगणक तर नीट चालू असतो. माझी कळकळीची विनंती आहे की असे करू नये. रोजच्या वापरात फाइलसिस्टिमच्या ज्या कोपऱ्यांकडे महिनोन्महिने कोणी फिरकत नाही, त्या कोपऱ्यांपर्यंत ही सेवा दर आठवड्याला जाते. त्यामुळे तिच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा तिच्याखालच्या एखाद्या थरात असते, आणि तो थर बिघडला असल्याची पहिली बातमी तिच्याकडूनच मिळते.

या लेखातील सर्व कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच त्यांच्या मूळ रोमन लिपीत लिहाव्यात. बहुतेक कमांडना सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावावे लागेल, ते प्रत्येक ठिकाणी पुन्हा सांगितलेले नाही.

पहिली पायरी: नोंदी वाचणे

कशालाही हात लावण्यापूर्वी 'जर्नलसीटीएल -यू एफएसट्रिम.सर्व्हिस' ही कमांड चालवावी आणि शेवटच्या अपयशाच्या ओळी शांतपणे वाचाव्यात. तेथे दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे एफएसट्रिमने स्वतः छापलेला संदेश, ज्यात माउंटचे ठिकाण (विभाजन ज्या फोल्डरवर जोडलेले आहे ते) आणि त्रुटीचे नाव असते. दुसरी म्हणजे सिस्टिमडीने नोंदवलेला एक्झिट कोड.

या दुसऱ्या ओळीने माझा एक अख्खा दिवस खाल्ला होता. एका लहान कार्यालयातल्या संगणकावर 'स्टेटस=६४/युसेज' अशी नोंद होती. 'युसेज' हा शब्द वाचून मी समजलो की सेवेच्या फाइलमध्ये कमांडचे पर्याय चुकीचे लिहिले गेले आहेत, आणि त्या फाइलची ओळन् ओळ तपासत बसलो. त्या फाइलमध्ये काहीही चूक नव्हती. खरी गोष्ट अशी की ६४ या आकड्याला 'युसेज' हे नाव सिस्टिमडी जुन्या बीएसडी संकेतांवरून परस्पर जोडते, तर एफएसट्रिमच्या स्वतःच्या संकेतांनुसार ६४ म्हणजे 'काही फाइलसिस्टिमवर काम झाले, काहींवर झाले नाही', ३२ म्हणजे 'एकाही फाइलसिस्टिमवर झाले नाही' आणि १ म्हणजे सर्वसाधारण अपयश. तेव्हा आकडा वाचावा, त्याच्या शेजारचे नाव सोडून द्यावे.

कोड ६४ असेल तर अपयश खरोखर रूटवरच आले आहे का, हेही याच नोंदींत पाहावे. पुष्कळदा रूट निर्दोष असते आणि तक्रार '/बूट/ईएफआय' या फॅट विभाजनाची असते. तसे असेल तर ते विभाजन उतरवून (अनमाउंट करून) त्यावर 'एफएससीके.व्हीफॅट' चालवणे पुरेसे होते आणि पुढचा सारा खटाटोप टळतो.

यानंतर त्याच वेळेच्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी 'जर्नलसीटीएल -के' ने पाहाव्यात. एफएसट्रिम हा अगदी छोटा प्रोग्राम आहे. तो कर्नलला एफआयट्रिम नावाची एकच विनंती करतो आणि बाकी सर्व काम फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर व त्याखालचे थर करतात. त्यामुळे 'एफआयट्रिम आयओसीटीएल फेल्ड' या शब्दांतून एफएसट्रिमला एवढेच सांगायचे असते की खालून नकार आला. नकार का आला, ते कर्नलच सांगू शकतो.

दुसरी पायरी: सेवा बाजूला ठेवून हाताने चालवणे

आता 'एफएसट्रिम -व्ही /' ही कमांड थेट चालवावी. ती यशस्वी झाली आणि किती बाइट कळवले तो आकडा दिसला, तर दोष सेवेच्या फाइलमध्ये, तिच्यावर घातलेल्या निर्बंधांत किंवा '/ईटीसी/एफएसटॅब' मधील एखाद्या ओळीत आहे. 'सिस्टमसीटीएल कॅट एफएसट्रिम.सर्व्हिस' ने मूळ फाइल आणि तिच्यावर कोणी चढवलेले बदल एकत्र दिसतात. असे चढवलेले बदल काढून पाहणे हा येथे सर्वांत जवळचा उपाय ठरतो.

हाताने चालवूनही अपयश आले तर सेवेचा विषय संपला. त्रुटीचे नाव हाच पुढचा धागा आहे, आणि व्यवहारात तीन नावे पुन्हा पुन्हा भेटतात. 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' किंवा 'बॅड मेसेज' असे लिहून आले असेल तर फाइलसिस्टिमच्या रचनेत बिघाड आहे. 'रिमोट आय/ओ एरर' असेल तर डिस्कने किंवा तिच्यासमोरच्या जोडणीच्या चिपने ट्रिमची, म्हणजे मोकळे ब्लॉक कळवण्याची, आज्ञा फेटाळली आहे. 'रिमोट' या शब्दाचा येथे नेटवर्कशी काहीही संबंध नाही. 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' किंवा 'द डिस्कार्ड ऑपरेशन इज नॉट सपोर्टेड' (डिस्कार्ड म्हणजे ट्रिमच) असेल तर मधला एखादा थर आज्ञा पुढे जाऊच देत नाही. नुसते 'इनपुट/आउटपुट एरर' मात्र फसवे असते. ते फाइलसिस्टिमकडूनही येते आणि डिस्ककडूनही, म्हणून त्याचा निकाल कर्नलच्या नोंदींवरूनच करावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सेवेच्या कमांडमध्ये 'क्वाएट-अनसपोर्टेड' हा पर्याय घातलेला असतो, त्यामुळे ट्रिम न चालणाऱ्या डिस्कवर सेवा मुकाट्याने यशस्वी ठरते. हिरवी खूण दिसली म्हणून ट्रिम झालेच, असे धरू नये. हाताने चालवून आलेला बाइटचा आकडा हाच पुरावा.

तिसरी पायरी: फाइलसिस्टिमचा बिघाड

ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांनी ही पायरी सर्वांत लक्षपूर्वक वाचावी, कारण रूटवरच्या अपयशाचे हे कारण वारंवार आढळते आणि ते दुर्लक्षिले तर नुकसान मोठे होते. कर्नलच्या नोंदीत 'ईएक्सटी४-एफएस एरर' ने सुरू होणारी, 'कॉम एफएसट्रिम' असा उल्लेख असलेली आणि 'बीजी ३४५: बॅड ब्लॉक बिटमॅप चेकसम' अशा धाटणीची ओळ सापडली की रोग कळला. ईएक्सटी४ आपली जागा ब्लॉक गटांत विभागते. ४ किलोबाइटचा ब्लॉक असेल तर एक गट १२८ मेगाबाइटचा असतो, आणि कोणता ब्लॉक मोकळा व कोणता व्यापलेला याचा नकाशा प्रत्येक गटाला स्वतंत्र असतो. रोजच्या कामात कर्नल गरजेपुरतेच नकाशे वाचतो, एफएसट्रिम मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक नकाशा उघडायला लावते. वीज अचानक गेल्यामुळे किंवा खराब केबलमुळे एखादा नकाशा बिघडून कित्येक महिने झाले असले, तरी तो उघडकीस येतो तो या सेवेमुळे.

कार्यालयातल्या त्या संगणकाचे नेमके हेच झाले होते. यूपीएसची बॅटरी निकामी झालेली होती, दुपारच्या वीजकपातीत यंत्र कैकदा धाडकन बंद पडले होते, आणि तरीही लेखाजोखा, छपाई, टपाल सगळे सुरळीत चालू होते. फक्त सोमवारची सेवा तक्रार करत होती.

खात्रीसाठी 'ट्यून२एफएस -एल' ही कमांड रूट डिव्हाइसचे नाव देऊन चालवावी. 'फाइलसिस्टिम स्टेट' समोर 'क्लीन विथ एरर्स' असे असेल, किंवा त्रुटींची संख्या, पहिल्या त्रुटीची वेळ आणि शेवटच्या त्रुटीची वेळ अशा ओळी दिसत असतील, तर शंका उरत नाही. पहिल्या त्रुटीची तारीख टिपून ठेवावी. त्या सुमारास वीज गेली होती का, केबल बदलली होती का, हे आठवून पाहण्यास ती उपयोगी पडते.

बिघाड एका जागी आहे की सर्वत्र पसरला आहे हे पाहायचे असेल तर एफएसट्रिमचे ऑफसेट आणि लेंग्थ हे पर्याय हाताशी आहेत. ३४५ क्रमांकाचा गट ३४५ गुणिले १२८ म्हणजे ४४१६० मेगाबाइटवर, सुमारे ४३.१ गिगाबाइटवर सुरू होतो. तेव्हा पहिल्या ४३ गिगाबाइटपुरती लांबी देऊन एकदा चालवावे, मग ४४ गिगाबाइटपासून पुढे चालवावे. दोन्ही भाग सुखरूप पार पडले तर दुखणे त्या मधल्या पट्ट्यात आहे. दुसरा भागही अडखळला तर बिघाड अनेक ठिकाणी आहे, आणि मग डिस्कच्या प्रकृतीकडे अधिक संशयाने पाहावे.

दुरुस्तीपूर्वी बॅकअप घ्यावा, हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. बिघडलेल्या नकाशामुळे वापरातले ब्लॉक मोकळे समजले जाऊन त्यांवर नवा मजकूर लिहिला जाण्याची शक्यता असते, म्हणजे संगणक जितका जास्त चालवाल तितके नुकसान वाढू शकते. महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि दुरुस्ती होईपर्यंत टायमर थांबवून ठेवावा. टायमर थांबवण्याचा एवढा एकच प्रसंग मला मान्य आहे.

आता रूटची खरी अडचण येते. इतर कोणतेही विभाजन उतरवून तपासता येते, रूट मात्र चालू प्रणालीच्या पायाखाली असते आणि लिहिण्यासाठी माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर ई२एफएससीके ही तपासणीची कमांड दुरुस्तीसाठी चालवणे म्हणजे विनाशाला आमंत्रण आहे. कमांड स्वतः धोक्याचा इशारा देते. त्या इशाऱ्याला 'वाय' असे उत्तर कधीही देऊ नये. दोन सुरक्षित मार्ग आहेत.

पहिला मार्ग संगणक सुरू होतानाच तपासणी करवण्याचा. ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बूट मेन्यूच्या, यादीत आपली नोंद निवडून 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एफएससीके.मोड=फोर्स एफएससीके.रिपेअर=येस' हे दोन शब्द जोडावेत आणि कंट्रोल-एक्स दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. तपासणीचा निकाल नंतर 'सिस्टिमडी-एफएससीके-रूट' या सेवेच्या नोंदीत, आणि डेबियन घराण्यात '/रन/इनिटरॅमएफएस' या फोल्डरमधील 'एफएससीके.लॉग' फाइलमध्ये वाचता येतो. घरी शेजारी कोणी जाणकार नसेल तेव्हा हा मार्ग सोपा आहे, पण 'येस' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला होकार, हे लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करण्याचा, आणि ज्यांच्या डिस्कवर मोलाचे काम आहे त्यांनी हाच निवडावा असे माझे मत आहे. रूट कूटबद्ध असेल तर आधी 'क्रिप्टसेटअप ओपन' ने उघडावे, एलव्हीएम (डिस्कचे खंड पाडणारा थर) असेल तर 'व्हीजीचेंज -एवाय' ने खंड जागे करावेत, आणि 'एलएसबीएलके' ने रूट कुठेही माउंट नसल्याची खात्री करावी. मग प्रथम 'ई२एफएससीके -एफ -एन' चालवावे. यात काहीही लिहिले जात नाही, फक्त काय काय बिघडले आहे ते कळते. दोनचार नकाशांचे आणि मोकळ्या ब्लॉकांच्या संख्येचे फरक दिसले तर निश्चिंतपणे 'ई२एफएससीके -एफ' चालवावे. आयनोडच्या (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींच्या) तक्रारींची रीघच लागली तर मात्र थांबावे, डीडीरेस्क्यूने संपूर्ण विभाजनाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि मगच पुढे जावे. '-झेड' हा पर्याय देऊन दुरुस्ती मागे फिरवण्याची फाइलही ठेवता येते. ती अर्थातच दुसऱ्या डिस्कवर असली पाहिजे. शेवटी मिळणारा कोड १ असेल तर चुका दुरुस्त झाल्या आणि ४ असेल तर काही चुका उरल्या. दुसऱ्यांदा चालवून कोड ० येईपर्यंत समाधान मानू नये.

एक्सएफएसवर हेच काम लाइव्ह यूएसबीवरून 'एक्सएफएस_रिपेअर' करते. आधी '-एन' लावून पाहण्याचा नियम तेथेही पाळावा. बीटीआरएफएसवर 'बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स' आणि 'बीटीआरएफएस स्क्रब' यांनी तपासणी करावी आणि 'चेक' चा 'रिपेअर' पर्याय अनुभवी सल्ल्यावाचून वापरू नये.

चौथी पायरी: डिस्क आणि तिची जोडणी

कर्नलच्या नोंदीत डिस्कचे नाव, सेक्टरचा क्रमांक आणि 'डिस्कार्ड' हा शब्द एकाच ओळीत आला असेल, तर आज्ञा फाइलसिस्टिम ओलांडून डिस्कपर्यंत पोहोचली आणि तेथे अडली. 'स्मार्टसीटीएल -ए' ने डिस्कची प्रकृती पाहावी. साटा डिस्कवर 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट' वाढत असेल तर केबल बदलावी, त्याहून स्वस्त दुरुस्ती नाही. एनव्हीएमई डिस्कवर 'क्रिटिकल वॉर्निंग' शून्याखेरीज काही दाखवत असेल, किंवा 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' चा आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची तयारी सुरू करावी.

'रिमोट आय/ओ एरर' विशेषतः यूएसबीवर जोडलेल्या एसएसडीवर दिसते. रास्पबेरी पायसारख्या यंत्रांत रूटच अशा डिस्कवर ठेवण्याची पद्धत रूढ असल्यामुळे हा अनुभव अनेकांना येतो. डब्यातली चिप यूएसबीच्या आज्ञांचे साटाच्या आज्ञांत भाषांतर करते, आणि काही चिपना ट्रिमचे भाषांतर धड येत नाही. 'प्रोव्हिजनिंग_मोड' या सिसएफएस फाइलमध्ये 'अनमॅप' लिहून ट्रिम बळजबरीने चालू करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. चिप ती आज्ञा नीट पाळत असेल तर युक्ती लागू पडते, पण ती चुकीचे पाळत असेल तर भलतेच ब्लॉक पुसले जाऊ शकतात, आणि रूटवर हा जुगार खेळू नये. प्रयोग करायचाच तर रिकाम्या डिस्कवर करावा. कर्नलमध्येही अशा खोडीची यादी आहे: सॅमसंगच्या ८४० आणि ८५० मालिकेतील डिस्कसाठी रांगेतून जाणारा ट्रिम कर्नल स्वतःच बंद ठेवतो आणि साधा ट्रिम वापरतो. म्हणून जुना कर्नल असेल तर तो अद्ययावत करणे हाही खरा उपाय आहे.

पाचवी पायरी: मधले थर

ट्रिम चालत नाही असे उत्तर आले तर 'एलएसबीएलके --डिस्कार्ड' चालवावे. डिस्कपासून रूटपर्यंतची उतरंड दिसते आणि ज्या थरापासून 'डिस्क-मॅक्स' च्या रकान्यात शून्य सुरू होते तो थर अडवणूक करत असतो. लक्सची कूटबद्धता ट्रिम मुळातच अडवते, कारण तो दिल्यास कोणते ब्लॉक मोकळे आहेत हे डिस्क हातात आलेल्या माणसाला कळू शकते. बहुतेकांना ही तडजोड चालते, पण निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. लक्स२ असेल तर 'क्रिप्टसेटअप' ला 'अलाऊ-डिस्कार्ड्स', 'पर्सिस्टंट' आणि 'रिफ्रेश' हे शब्द देऊन परवानगी कायमची नोंदवता येते. लक्स१ साठी '/ईटीसी/क्रिप्टटॅब' मध्ये 'डिस्कार्ड' लिहावे लागते, आणि रूटच्या बाबतीत ती फाइल इनिटरॅमएफएसमधून (सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या प्रणालीतून) वाचली जाते, म्हणून ते नव्याने बनवल्याशिवाय बदल लागू होत नाही. बहुतेक जण नेमके इथेच अडखळतात.

एलव्हीएमच्या 'इश्यू_डिस्कार्ड्स' या पर्यायाचा एफएसट्रिमशी संबंध नाही. तो खंड काढताना किंवा लहान करतानाच लागू होतो. मात्र बॅकअपसाठी घेतलेला जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट काढायचा राहून गेला तर मूळ खंडावरचा ट्रिम अडतो, तेव्हा 'एलव्हीएस' ने एकदा पाहून घ्यावे. रेड ५ आणि ६ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचना) वर कर्नल ट्रिम मुद्दाम बंद ठेवतो. आभासी यंत्रात यजमानाच्या बाजूला डिस्कसाठी 'डिस्कार्ड' समोर 'अनमॅप' लिहिलेले असावे लागते.

शेवटची पायरी: पडताळणी

'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड एफएसट्रिम.सर्व्हिस' ने जुनी खूण पुसावी, 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' ने सेवा सुरू करावी आणि नोंदीत रूटसमोर बाइटचा आकडा आल्याचे पाहावे. ईएक्सटी४ वर लगेच दुसऱ्यांदा चालवल्यास आकडा शून्य किंवा अगदी लहान येतो, कारण कोणते गट झाले हे कर्नल पुढच्या रीबूटपर्यंत लक्षात ठेवतो. ते अपयश नव्हे. थांबवलेला टायमर पुन्हा चालू करून 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' मध्ये पुढची वेळ दिसते का ते बघावे.

फाइलसिस्टिमची दुरुस्ती करावी लागली असेल तर आणखी एक काम उरते. '/लॉस्ट+फाउंड' उघडून पाहावे, आणि रूटवर प्रणालीच्याच फाइल राहत असल्यामुळे डेबियन घराण्यात 'डेबसम्स -एस' ने, फेडोरासारख्या ठिकाणी 'आरपीएम -व्हीए' ने त्यांची पडताळणी करावी. त्या कार्यालयीन संगणकावर एका छपाईच्या लायब्ररीची फाइल अशी बिघडलेली सापडली होती; तिचे पॅकेज पुन्हा बसवले, यूपीएसला नवी बॅटरी घातली आणि पुढच्या सोमवारी सकाळी नोंदीत रूटसमोर बाइटचा आकडा आलेला होता.